लाल गोळी भावाला, पिवळी बहिणीला

हे प्रकरण दक्षिण यवतमाळातल्या एका ग्रामीण रुग्णालयातलं. दोघाही रुग्णांना विचारून लिहिते आहे. नावं आणि गाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

कार्ड

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पराटीची बोंडं फुटली की आमची ओपीडी सकाळी अकरालाच रिकामी होते, सगळं गाव वावरात असतं. अशाच एका दुपारी एकतीस वर्षांची बाई आईचा हात धरून आली. दारातल्या तीन पायऱ्या चढली, बाकावर बसली आणि बराच वेळ तिला बोलताच येईना. आईच म्हणाली, "मॅडम, इचं रक्त कमी हाये. एक बाटली लावून द्या, काम होते."

श्वास जागेवर आल्यावर तिनं पिशवीतून सगळ्यात आधी काढलं ते सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचं कार्ड. प्लास्टिकमध्ये घातलेलं, कडा झिजलेल्या. आमच्या भागात लोक हे कार्ड ओळखपत्रासारखं पुढे करतात. त्यावर लिहिलं होतं, ए.एस. त्याच पिशवीत चार महिन्यांपूर्वीची एक चिठ्ठी होती: ‘सिकल ए.एस., अशक्तपणा’, खाली बी-कॉम्प्लेक्स. अक्षर माझं होतं. त्या दिवशी मीही कार्ड पाहिलं होतं आणि पुढे काही विचारलं नव्हतं.

आता हिमोग्लोबिन आलं ६.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात, ८ च्या खाली गेला की तीव्र.

ए.एस. म्हणजे काय, हे कार्ड देताना सांगितलं जातं, पण अर्धवट ऐकलं जातं. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं की सिकल हिमोग्लोबिन तयार होतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून असा जनुक आला तर एस.एस., म्हणजे आजार. गावच्या भाषेत ‘फुल’. एकाच बाजूनं आला तर ए.एस., वाहक, म्हणजे ‘हाफ’. वाहकाच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असतं. पेशी आपलं १२० दिवसांचं आयुष्य पूर्ण जगते. ए.एस. असल्यामुळे रक्त कमी होत नाही. एखाद्या वाहकाचं रक्त कमी असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावंच लागतं. ‘हाफ’ या शब्दानं मोठा घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं अर्धा आजार आहे, म्हणजे अर्धं रक्तही कमी असणारच.

विदर्भाला सिकल नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकल वाहकांबद्दल लिहिलं होतं. हा फक्त आदिवासींचा आजार आहे ही समजूत तेव्हाही चूक होती, आजही आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. त्यामुळे कार्डं घरोघरी पोचली, हे फार चांगलं झालं. पण कार्ड बघून पुढची तपासणी थांबू नये, एवढं आम्हा डॉक्टरांना कळायला हवं होतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. यातल्या बहुतेकींचा सिकलशी काही संबंध नाही.

पाटीची पेन्सिल

तपासताना जीभ गुळगुळीत दिसली, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा होत्या. नखं चपटी, अंगठ्याचं नख मधोमध खोलगट. पाण्याचा एक थेंब त्यावर थांबला असता. डोळ्यांत पिवळेपणा नव्हता. प्लीहा हाताला लागली नाही.

आई बाहेर गेल्यावर मी विचारलं, माती-बिती खाता का? ती आधी हसली, मग कंबरेच्या बटव्यातून चार तुकडे काढून टेबलावर ठेवले. पाटीवर लिहायच्या पेन्सिली, एका टोकाला दातांनी कुरतडलेल्या. "पोरीच्या दप्तरातल्या हायेत. पावसात माती महकली का राहावतच नाही. माती खाल्ली तर सासू पाहते, म्हणून हे." बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ यांची अशी ओढ लोह कमी असल्याची मोठी खूण असते. ही ओढ का लागते, ते अजून नीट उलगडलेलं नाही, पण लोह भरलं की ती आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मग पाळीचं विचारलं. आठ दिवस, गाठी पडतात, रात्री दोनदा कापड बदलावं लागतं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर चार-पाच वर्षं असंच. "बाईले जातेच," ती म्हणाली. कोणी विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नाही.

आता अहवाल. पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एम.सी.व्ही., ६१, साधारण ८० च्या वर हवा. लाल पेशी ३७ लाख. प्लेटलेट्स ४.९ लाख, लोह कमी असलं की त्या बऱ्याचदा वाढतात. फेरिटिन ४. शरीराच्या कोठारात लोह किती आहे ते फेरिटिन सांगतं. १५ च्या खाली गेलं की कोठार रिकामं समजायचं. हिचं कोठार झाडून नेलेलं होतं.

एच.पी.एल.सी., म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती ते मोजणारी तपासणी, पुन्हा केली. पॅटर्न ए.एस. च, कार्ड बरोबर होतं. पण सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण आलं २५ टक्के. वाहकात ते साधारण ३५ ते ४० टक्के असतं. हा आकडा पाहून मी थांबले, आणि मला वाटतं हे सगळं प्रकरण त्या एका आकड्यात होतं. अल्फा साखळ्या कमी पडल्या की त्या आधी चांगल्या बीटा साखळीशी जुळतात, सिकल बीटाशी नंतर. लोह नसलं की अल्फा साखळ्या कमी तयार होतात, त्यामुळे सिकलचा वाटा घटतो. म्हणजे ज्या यंत्रानं तिला सिकलवाहक ठरवलं, तेच यंत्र सांगत होतं की हिचं दुखणं लोहाचं आहे. अर्थात अल्फा थॅलसेमियात, म्हणजे जन्मतःच अल्फा साखळ्या कमी बनतात त्या विकारातही, सिकलचा वाटा असाच घटतो आणि आपल्याकडे तो काही कमी नाही. दोन्हींतला फरक उपचारानंतर कळणार होता: लोह भरल्यावर आकडा वर आला तर लोहच.

स्टीलचा डबा

"लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत का? आशाताई देत नाहीत?"

"देतात ना. दोन वर्षं झाली, पाकिटं घेते."

"मग खात नाही?"

ती खाली पाहत राहिली. आत आलेल्या आईनं सांगून टाकलं. शिबिरात सिकल निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, सिकलवाल्यानं लोहाची गोळी खाऊ नये. हे तिनं स्वतःपुरतंच धरलं. आणि घरात आणखी एक सिकलवाला होता, तिचा बावीस वर्षांचा धाकटा भाऊ. एस.एस. तिनं आपल्या गोळ्या त्याला दिल्या.

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन यायला सांगितलं, आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्या. आईनं पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला. वर झाकण, आत फडक्यात गुंडाळलेली पाकिटं. लाल गोळ्या: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. बारीक पिवळ्या गोळ्या: नुसतं फॉलिक आम्ल, ५ मिलिग्रॅम, भावाच्या नावाच्या. आणि हायड्रॉक्सीयुरिया या भावाच्या सिकलवरच्या औषधाच्या कॅप्सूलचं एक पाकीट, अर्धं संपलेलं, तारीख वर्षाआधीची.

लाल बहिणीच्या होत्या, खायचा भाऊ. पिवळ्या भावाच्या होत्या, खायची बहीण; कारण त्या सिकलच्या गोळ्या आणि तिच्याही कार्डावर सिकल लिहिलेलं.

"तो लहानाचा मोठा दुखण्यातच झाला, मॅडम," बहीण म्हणाली. "गोळी लाल, रक्त लाल. मले वाटलं त्याच्याच कामी येईन."

तिला त्या वेळी मी काही बोलू शकले नाही. नियम कुणी मोडलेला नव्हता. लोह खाऊ नका हा सल्ला भावासाठी योग्य होता. शिबिरात एकाच वेळी दोघांचे निकाल आले, एकाच वाक्यात दोघांना ‘सिकल’ म्हटलं गेलं आणि सल्ला चुकीच्या माणसाला चिकटला.

पिवळ्या गोळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याच राज्यातली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, पेशी मोठमोठ्या व्हायच्या. यीस्टचा अर्क दिला की तो बरा होतो, हे विल्स यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पेशीचं केंद्रक विभागायला हे आम्ल लागतं. एस.एस. रुग्णाची लाल पेशी १० ते २० दिवसांतच मोडते, हाडांतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, अखंड नव्या पेशी घडवत असतो, म्हणून त्याला हे आम्ल जास्त लागतं. बहिणीला त्याची गरज नव्हती. दोन वर्षं ती अशी गोळी घेत होती, जिनं अपायही नाही आणि उपयोगही नाही.

फाटक

बहिणीच्या शरीरात काय चाललं होतं?

रक्तातला प्राणवायू कमी झाला की सगळ्यात आधी मूत्रपिंडाला कळतं. पेशींना हे कसं कळतं, याचा शोध लावणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि हाडांतल्या मगजाला सांगतं, पेशी बनवा. (या यंत्रणेवर काम करणारं डेसिडुस्टॅट हे औषध २०२२ पासून भारतात मिळतं, पण ते मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातल्या रक्तक्षयासाठी.) हिचं मूत्रपिंड ओरडत होतं, मगज तयार होता. जिनिंग सुरू आहे, मजूर हजर आहेत, पण कापसाची गाडीच आलेली नाही, अशी अवस्था.

शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅम. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं, पण त्यातलं जवळजवळ सगळं जुन्या पेशी मोडून परत मिळतं. अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत येतं. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह. पाळीत महिन्याला १५० मिलिलिटर रक्त गेलं तर ७५ मिलिग्रॅम लोह गेलं, आणि महिनाभरात आलं फार तर ६०. असं पाच वर्षं. त्यात अनवाणी वावरात जाणं, हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितात ते वेगळंच; शौचाच्या तपासणीत त्यांची अंडी निघाली. आणि जेवणावर लगेच काळा चहा. चहातली टॅनिनं भाकरी-भाजीतलं लोह धरून ठेवतात, शोषण निम्म्याहून जास्त घटतं. तरोटा, अंबाडी, चवळी, ज्वारी सगळं ती खात होती. चांगलंच आहे ते. पण ६.४ वरून वर यायला भाजी पुरत नाही, गूळ-शेंगदाणे तर नाहीच नाही, आणि ‘बाई, जरा खात जा’ असं म्हणून तिला घरी पाठवणं हा उपचार नव्हे.

आता थोडं आतड्याबद्दल. २००० सालाच्या सुमारास हेपसिडिन सापडलं आणि लोहाचं सगळं शास्त्रच बदललं. यकृत हे संप्रेरक सोडतं. आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह रक्तात उतरायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन. हेपसिडिन ते दार बंद करतं. कापूस खरेदी केंद्राच्या फाटकासारखं समजा: एकदम शंभर गाड्या आल्या की आतला माणूस फाटक ओढतो, आणि मग दुसऱ्या दिवशी आलेली गाडीही बाहेरच उभी राहते. पेशीत अडकलेलं लोह, ती पेशी तीन-चार दिवसांत गळून पडते तेव्हा, शौचावाटे जातं.

लोहाची ६० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की हेपसिडिन वाढतं आणि चोवीस तास चढलेलं राहतं. ४८ तासांनी उतरतं. झुरिचच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये हे मोजलं. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं गेलं, आणि दिवसातून दोनदा घेऊन फायदा झाला नाही. आम्ही वर्षानुवर्षं बायकांना दिवसातून दोन-तीनदा गोळ्या लिहून देत आलो. मळमळ, काळी शौच, बद्धकोष्ठ. मग त्या गोळ्या सोडून द्यायच्या आणि आम्ही म्हणायचो, ऐकतच नाहीत.

बहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन १०.२ निघालं, फेरिटिन ९. तिला एक दिवसाआड एक गोळी, सकाळी, लिंबूपाण्यासोबत, चहा दोन तासांनी. पंधरा आठवड्यांत तिचं हिमोग्लोबिन १२.१ झालं. तिचा निकाल ए.ए. आला, म्हणजे सिकल नाहीच. ऐकून आजीनं तिची दृष्ट काढली.

गरोदर बाईला मात्र मी एक दिवसाआडचा हा नियम लावत नाही. तिला शासनाच्या कार्यक्रमाप्रमाणे रोजचीच गोळी.

बाटली की सलाईन

घरच्यांना रक्ताची बाटली हवी होती. नाही म्हणणं सोपं नव्हतं, ६.४ आकडा ऐकल्यावर कुणालाही भीती वाटेल. पण तिला उताणं झोपता येत होतं, फुप्फुसात पाणी नव्हतं, छातीत दुखत नव्हतं, ती गरोदर नव्हती, रक्तस्राव त्या दिवशी चालू नव्हता. शरीरानं हळूहळू सवय करून घेतली होती. एका बाटलीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं आणि पुढच्या तीन पाळ्यांत ते परत जातं. त्याची जोखीम घेण्याचं कारण मला दिसलं नाही.

गोळ्याही पुरणार नव्हत्या. जात होतं जास्त, येणार होतं कमी. शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. किती, त्याचं जुनं सूत्र आहे: वजन ४१ किलो, गुणिले १५ वजा ६.४, गुणिले २.४, अधिक कोठारासाठी ५००. उत्तर साधारण १,३५० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजनं हे करायचं तर एका वेळी २०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा-सात फेऱ्या. वेचणीच्या हंगामात सहा दिवस मजुरी बुडवून कोण येणार? तिसऱ्या फेरीनंतर बाई येत नाही, हा आमचा अनुभव. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनं दोन फेऱ्यांत होतं, कारण त्यात लोहाभोवती साखरेचं कवच असतं आणि ते सावकाश सुटतं. पहिल्या दिवशी ७५०, आठवड्यानंतर ५००. पंधरा-वीस मिनिटांचं सलाईन आणि नंतर अर्धा तास नजरेखाली, कारण क्वचित ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. या औषधानं रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं, त्यामुळे नंतर अंग फार दुखलं तर परत यायला सांगितलं. ए.एस. वाहकाला हे लोह देता येतं, यात शंका नको.

सोबत जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. तालुक्याला कुणीतरी तिला आधीच ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं होतं. एकतिसाव्या वर्षी! आमच्या भागात पिशव्या फार लवकर निघतात, आणि त्याचं दुखणं बायका पुढे आयुष्यभर वाहतात. हार्मोनची तांबी किंवा जास्त जाण्याच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या, असे दोन मार्ग सांगितले. तिनं गोळ्या निवडल्या.

आठव्या दिवशी ती आली तेव्हा रेटिक्युलोसाइट, म्हणजे मगजातून नुकत्या सुटलेल्या कोवळ्या पेशी, १.२ वरून ६.८ टक्क्यांवर होत्या. तिनं आपणहून सांगितलं, "पेन्सिल खावीशी नाही वाटत आता." एका महिन्यानं हिमोग्लोबिन ९.२, दोन महिन्यांनी ११.३, चार महिन्यांनी १२.३. एम.सी.व्ही. ८१. आणि एच.पी.एल.सी. मध्ये सिकलचा वाटा २५ वरून ३४ टक्के.

तो अहवाल घेऊन ती घाबरून आली होती. सिकल वाढला! मला तिला समजवायला वेळ लागला, की हा आकडा वाढणं ही तुमच्या बाबतीत चांगली बातमी आहे. घर भरलं म्हणून पाहुण्याचाही वाटा त्याच्या जागेवर आला.

भाऊ

भावाचं हिमोग्लोबिन ७.९, डोळे पिवळट. एम.सी.व्ही. ८४. इथे कारखाना बंद नाही. तो दिवसरात्र चालतो, पण माल बाजारात पोचण्याआधीच मोडतो. प्राणवायू सुटला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक शिरांत अडकते. थंडीत आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की त्याची हाडं ‘फुटाले येतात’. लहानपणापासून सात बाटल्या रक्त लागलेलं. एका बाटलीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. त्यावर दोन वर्षं बहिणीच्या लाल गोळ्या. फेरिटिन १,१८०. सूज असली तरी फेरिटिन वाढतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते, पाहिलं. ५८ टक्के. लोह खरंच साचायला लागलं होतं.

लाल गोळ्या बंद केल्या. लोह उतरवायचं औषध इतक्यात नको, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सिकलच्या प्रत्येक रुग्णाला लोह वर्ज्य असं मात्र नाही. कमतरता तपासणीत सिद्ध झाली तर द्यावंच लागतं. ‘सिकलला लोह नको’ हे सरसकट वाक्य जितकं घातक, तितकंच ‘रक्त कमी म्हणजे लोह द्या’ हेही.

हायड्रॉक्सीयुरिया त्यानं वर्षापूर्वी सोडलं होतं. मेडिकलवाल्यानं सांगितलं, ही कॅन्सरची गोळी आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत ती वापरतात, हे खरंच आहे. पण सिकलमध्ये ती गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एच.बी.एफ., वाढवते आणि ते सिकलचे दांडे बनू देत नाही. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्याकडे कमी मात्राही पुरते, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मुलांमध्ये दाखवलं: किलोमागे १० मिलिग्रॅम. हा ४६ किलोचा, म्हणून रोज एक कॅप्सूल. पेशींची तपासणी आधी दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याला. लग्नाचं चाललं होतं, म्हणून शुक्राणू कमी होऊ शकतात हेही त्याला एकट्याला बसवून सांगितलं. आणि मुलीची पत्रिका बघा, पण सिकलचा निकाल आधी बघा, हे सगळ्या घराला. ती ए.ए. असेल तर सगळी मुलं फक्त वाहक होतील. ए.एस. असेल तर प्रत्येक मूल आजारी असण्याची शक्यता निम्मी.

"मॅडम, मोबाईलवर पाहिलं, जीन कापून सिकल बरा होते म्हणे?"

होतो, आणि हे त्याला लपवून ठेवायचं काही कारण नव्हतं. जन्मानंतर एच.बी.एफ. बंद करणारं एक बटण असतं, बी.सी.एल.११ए. रुग्णाच्याच मूळपेशी काढून क्रिस्परच्या कात्रीनं ते बटण निकामी करायचं आणि पेशी परत भरायच्या. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. मधे केमोथेरपीनं जुना मगज जाळावा लागतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, अठरा-वीस कोटी रुपयांच्या आसपास. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला आहे. त्या नावानंच तो हलला. "आमच्या बिरसाचं नाव हाये तर इकडं येईनच," म्हणाला. मलाही तीच आशा आहे. पण तोवर कॅप्सूल सोडायची नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतलं.

एका औषधाची गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. व्हॉक्सेलोटॉर, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. ते घेतल्यावर सिकल रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढायचं, कागदावर छान दिसायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचा हिशेब उलटा निघत होता. आकडा वाढला होता, माणूस बरा झालेला नव्हता. तो दर वेळी विचारायचा, माझं हिमोग्लोबिन बाराचं कधी होईन? नऊवर दुखणं न येता कामाला जाता आलं तर नऊ चांगलं, हे त्याला या गोष्टीमुळे पटलं.

पाच महिन्यांत तो ९ वरच आला. एच.बी.एफ. १६ वरून २२ टक्के. हिवाळ्यात एकच झटका, तो घरीच पाणी आणि पॅरासिटामॉलवर निभावला. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल अपंगत्वात धरलेलं आहे. त्याचं प्रमाणपत्र काढायला कागद जिल्ह्याला पाठवले.

मार्चमधली भेट

मार्चमध्ये बहीण एकटी आली. हिमोग्लोबिन १२.३ चा कागद हातात होता. खुर्चीवर बसली, आता पायऱ्यांचा दम नव्हता. म्हणाली, "ते मगज बदलायचं ऑपरेशन असते म्हणता, त्याले माहं चालते का? मी हाफ हाये म्हणून विचारते."

चालतं. ए.एस. वाहक असलेलं सख्खं भावंड दाता होऊ शकतं. एच.एल.ए., म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळलं पाहिजे, आणि सख्ख्या भावंडांत ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाविसाव्या वर्षी जोखीम लहान मुलापेक्षा जास्त, साचलेलं लोहही आधी पाहावं लागेल, खर्चाची तजवीज करावी लागेल. हे सगळं तिला सांगितलं. चार महिन्यांपूर्वी तिच्या शरीरातून कुणाला काही देण्यासारखं नव्हतं, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "मंग रक्त घ्या ना तपासाले."

दोघांचे नमुने पुढच्या आठवड्यात नागपूरला गेले. अहवाल अजून यायचा आहे. आशाताईंनी त्या घरात आता दोन डबे करून दिले आहेत, एकाच्या झाकणावर लाल टिकली, दुसऱ्याच्या झाकणावर हळद.